शेरा

मार्च सरत आलाय. बर्फ नांगरटीच्या सऱ्यांत
अजून मळक्या दोऱ्यांसारखा,
आणि मी क्लीटस व्हर्लीच्या शेतात
पहार ठोकते आहे.

विस्कॉन्सिनच्या या चिंचोळ्या भूशिरावर
मातीचं पांघरूण आखूड:
डोकं झाकावं तर पाय उघडे.
खाली चुनखडी, भेगाळलेली.
भेगांच्या तळाशी
सगळ्यांच्या विहिरी.

नियम असा, की चोवीस इंच माती नसेल
तिथं शेणकाला पसरायचा नाही.
चोवीसच का, ते मला ठाऊक आहे.
त्या बैठकीत मी मागच्या बाकावर होते.
एक जण म्हणाला छत्तीस, दुसरा म्हणाला बारा,
आणि जेवणाची वेळ झाली होती.
खडकाला कुणी बोलावलं नव्हतं.

खण्ण.
एकोणीस.

"जरा सरकून बघ," क्लीटस म्हणतो.
सरकते. सतरा.
"मघाचंच बरं होतं."
तो हसतो. मीही हसते. नोंद दोन्हींची करते.

त्याच्या पाठीमागे शेणाचं तळं, काळं, काठोकाठ.
सहाशे गाईंचा अख्खा हिवाळा त्यात साठलाय.
गोठल्या जमिनीवर टाकू नका, पावसाच्या तोंडावर टाकू नका,
ओढ्याच्या अंगाला तर नकोच नको.
"मग काय खिशात ठेवू?"
रागानं नाही विचारत.
दुकानात सुटे मागावेत तसं.

कोपऱ्यावरच्या घरात इर्मा डेल्वो
दर वर्षी या दिवसांत नळाला फडकं बांधते.
बर्फ वितळला की पाणी चहाच्या रंगाचं येतं;
वास घेतल्यावर मात्र चहा कुणी म्हणणार नाही.
तिच्या नातीची आंघोळ
शाळेच्या व्यायामशाळेत.
क्लीटस दर शनिवारी तिच्या पायरीवर
पाण्याचे चार कॅन ठेवून येतो.
त्यावर दोघं बोलत नाहीत.

मी पहार पुसते. कागद पुढे करते.
तो पेनाचं टोपण काढतो, पुन्हा लावतो.
"चल," म्हणतो.

बांधाच्या टोकाला दगडांची रास.
माझ्या नकाशात इथं नुसता सपाट हिरवा रंग.
तो एक दगड उचलतो, मग दुसरा,
तिसरा ढकलायला मी हात लावते.
खालून गार वारा.
बादली जाईल एवढं तोंड.

"आजोबांनी यात दूध ओतलं होतं.
भाव पडला होता त्या साली. चाळीस कॅन, संतापून.
तिसऱ्या दिवशी डेल्वोंच्या विहिरीला पान्हा फुटला.
पांढरंफेक पाणी!
इर्माची आजी रस्त्याकडेच्या चॅपेलात जाऊन
मेणबत्ती लावून आली.
आजोबा काही बोलले नाहीत.
आमच्याकडे ही गोष्ट
सणाला, जेवताना, हसायला म्हणून सांगतात."

आता दोघांतलं कुणी हसत नाही.
मी एक खडा टाकते,
आवाज यायची वाट बघते.
येत नाही.

"लिही," असं तो म्हणत नाही.
"नको लिहू," असंही नाही.

कागदावर रकाने आहेत: खोली, उतार, पीक, अंतर.
दुधाला रकाना नाही,
मेणबत्तीला नाही.
अगदी तळाशी एक ओळ, शेरा,
दीड बोट जागा.

थंडीनं शाई उतरत नाही.
मी पेन तोंडाशी धरून त्याला वाफ देते,
आणि क्लीटस माझ्याकडे न बघता
कुंपणाच्या खांबापासून राशीपर्यंत
पावलं टाकायला लागतो,
एक, दोन, तीन,
मोठ्यानं,
मला ऐकू जाईल असं.