एका वेळी एक

आतमध्ये फार काही नसतं.
एक दातेरी चाक, एक स्प्रिंग,
आणि दातांत तोंड घालून बसलेला कुत्रा.
कुत्राच म्हणतात त्याला,
भोसरीत कुठल्याही वर्कशॉपात विचारा.
चाक पुढं चाललं की नुसता टकटक करतो,
उलटं फिरू लागलं की धरतो.

गेली एकोणीस वर्षं मी हे कुत्रे बदलतोय.
तलावावरचे गंजतात,
कारखान्यातले झिजतात,
स्टेडियमातले माणसं लाथा मारून मोडतात.

मेट्रोवाल्यांनी मला कधी बोलावलं नाही.
त्यांचे पंख आपोआप उघडतात, आवाज न करता.
शिवाजीनगरला मी पलीकडं जाऊन
क्षणभर थांबतो.
पोटाला दांडी लागली नाही,
तर आपण आत आलो हे कशावरून?

कात्रजला सापांच्या बागेत
आमची तबस्सुम दांडीखालून जायची,
न वाकता, फुकट.
चौथ्या वर्षी कपाळाला टक्कन लागली.
"अब्बा, तुम्ही दांडी खाली केली?"
मी म्हटलं, नाही गं.
आणि तिकिटाच्या खिडकीकडं वळलो.

मागच्या महिन्यात चाकणची एक कंपनी बंद झाली.
फाटक भंगारात काढायला मी गेलो.
मीटर पुसून पाहिला :
आत, चार लाख अठरा हजार दोनशे सहा.
बाहेर, चार लाख अठरा हजार दोनशे पाच.
मी कुत्रा तपासला. चांगला होता.
वॉचमन घारे बिडी विझवत म्हणाले,
"पवळे असणार. दुसऱ्या पाळीचा.
अँब्युलन्स मोठ्या गेटानं जाते ना."

मग दोघांनी मिळून बोल्ट काढले.
एक निघेना, तो कापला.

परत येताना टेम्पोत मागं
फाटक आडवं बांधलेलं होतं.
मोशीच्या खड्ड्यांत
दांड्या आपल्याआपण फिरू लागल्या,
टक, टक,
कुणीच जात नसताना.
ड्रायव्हर म्हणाला, थांबवू का, नीट बांधू?
मी म्हटलं, चल तू.

घरी पोचल्यावर
मीटरवर पोतं टाकलं.
आकडा अजून वाचला नाही.