तिसरी पाळी

अठरा अंशांच्या खोलीत मी स्वेटर घालून बसते.
बाहेर मे महिना, रात्री अकरालाही
भिंतीला हात लावला तर चटका.
वॉचमन बिराजदारकाका आतल्या काचेला
जरा पाठ टेकवून जातात. म्हणतात,
"मॅडम, तुमच्या मशिनींचं नशीब बघा."

आमच्या कुठल्या?
सात प्रयोगांचं सामायिक बिऱ्हाड आहे हे.
कुठल्याशा खाणीत, दीड किलोमीटर खाली,
कुणी एक टाकी भरून ठेवलीये
एका कणाची वाट बघत.
कुठे डोंगरावर तबकड्या.
तिथून आकडे येतात, गासड्याच्या गासड्या,
आणि इथे सोलापुरात येऊन
रांगेत उभे राहतात.

रांग मला नवी नाही.
विडी घरकुलात नळ चार दिवसांआड.
घागरींना नंबर; मध्ये कुणी घुसलं
की आई तेलुगूतून सुरू व्हायची.
काल एकाने चार हजार कोअर मागितले,
अर्जंट आहे म्हणाला.
सगळ्यांचंच असतं.
मी त्याला त्याचा नंबर सांगितला.
मराठीतून.

दोन वाजता तिसऱ्या रॅकमधली डिस्क गेली.
आवाज आधी बदलला.
हे कोर्समध्ये नव्हतं.
धोटा अडकायच्या आधीच
अण्णा झोपेतून उठून बसायचे, तसं काहीतरी.
जुनी काढली, नवी बसवली,
गाठ मारून धागा पुढे.

सकाळी घरी.
खाणीतल्या टाकीचा तीन वर्षांचा हिशोब
आज पहाटे संपला होता.
"काय सापडलं?" अण्णा.
"काही नाही."
"एवढी वीज जाळून?"
"तेवढ्या जागेत तो नाही, हे पक्कं झालं ना."

कडक भाकरी मोडत ते गप्प.
शेंगाचटणीचं बोट पुसलं, मग म्हणाले,
पंच्याऐंशी साली मोराच्या चादरीत
एक डोळा उतरेना.
जेकार्डचे अठराशे पत्ते
एकेक करून बल्बसमोर धरले. तेरा रात्री.
"सापडलं?"
"पत्त्यांत काय नव्हतंच.
सुई वाकली होती."

झोपायच्या आधी खाणवाल्यांना दोन ओळी लिहिल्या:
पत्ते तपासले, बरोबर आहेत.
तुमची सुई एकदा बघा.

पाठवल्या नाहीत.
कोण समजून घेणार पत्ते आणि सुई.
फोन उशाशी ठेवला,
रांगेत अजून एकशे बारा.