चौथी खोली

कुह्मोच्या पुढे एकोणीस किलोमीटर, टपालपेटीशी डावीकडे.
तौनोच्या घरात शिरल्यावर मी आधी टेप काढते, मग हातमोजे.
भिंती किती जाड, खिडक्यांना काचा दोन की तीन,
माळ्यावर भुसा किती खोल.
लोकांना वाटतं, ही बाई यंत्रं विकायला आली.
मी तर फक्त विचारते,
तुमच्याकडची ऊब निसटते कुठून?

"फटींतून," तौनो म्हणाला. "आणि पोरीच्या फोनमधून."

उलूला राहणाऱ्या मार्केत्ताचा एकच धोशा: बाबा, हीट पंप.
बाबांचाही एकच: शंखजिऱ्याची भट्टी,
स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधोमध बसलेली,
संध्याकाळी दोन तास बर्चची लाकडं खाते
आणि मग रात्रभर रवंथ करते गाईसारखी.
सकाळी पाठीला पाठ लावून बघा, म्हणाला,
अजून कोमट असते.

खरं आहे. पण लाकूड काही आपल्या पायांनी घरात येत नाही.
तौनोचा उजवा खांदा मार्चमध्ये निखळला,
आता कुऱ्हाड डाव्या हातात,
आणि ओंडका चिरायचा सोडून
नुसता गडबडा लोळतो बर्फात.

तळघरात तेलाचा बॉयलर, ब्याऐंशी सालचा.
हेल्वीनं हट्टानं बसवून घेतलेला.
"पुरे झाली राख," म्हणाली होती म्हणे,
"नखांत शिरते आणि रविवारीही निघत नाही."
टाकीत काठी बुडवून त्यानं मला दाखवलं:
वीतभर तेल. काठी पुसली मात्र
बराच वेळ, तिच्या जुन्या ॲप्रनला.

मी वहीत मांडत गेले.
उणे दहापर्यंत पंप, एका युनिटात तीन युनिटांची ऊब, सौदा बरा.
उणे पंचविसाला तोच पंप धापा टाकतो,
स्वतःच्या अंगावरचा बर्फ वितळवता वितळवता
घराला काय देणार, कपाळ?
तिथून पुढे भट्टी, फोडलेलं लाकूड विकत घेऊन.
वीज गेली तरी भट्टीच. तिला प्लग नसतो.
"आणि भट्टी पेटवायला बाबाच नसले तर?"
स्पीकरवर मार्केत्ताचा आवाज.
तौनो खिडकीबाहेर बघत राहिला,
वेइक्कोचा ट्रॅक्टर रस्ता साफ करत चालला होता.
तर भिंतीतले रेडिएटर, मी लिहिलं, राखणीला.
सगळा भार एकावर टाकू नये.

"खोल्या किती?"
"तीन."

घर बाहेरून साडेअकरा मीटर.
तीन खोल्या, भट्टी, पडवी, भिंतींची जाडी, सगळं धरून भरतात आठ.
मी पुन्हा मोजलं. पुन्हा आठ.
मग दिसलं ते दार,
खालच्या फटीत चिंध्यांची सतरंजी गुंडाळून कोंबलेली.

आत उणे चार.
हातमाग. त्यावर अर्धी सतरंजी,
निळ्या पट्ट्या, एखाद्या पुरुषाच्या शर्टाच्या असाव्यात,
आणि ताण्यावर हिमाचे बारीक काटे
जणू कुणी रात्री येऊन विणून गेलंय.
दोघांचे श्वास दिसत होते.

"ही धरू नका," तौनो म्हणाला. "इथे कोणी नसतं."
दार ओढून घेतलं. मग परत उघडलं.
"पाण्याचा पाइप जातो मात्र. त्या भिंतीतून.
गोठला तर पंचाईत."

अठ्ठावीस वर्षं मी पाइप शोधतेय घराघरांत.
त्या भिंतीत पाइप नव्हता.

लिहिलं: चौथी खोली. छोटा रेडिएटर, पाचशे वॉट.
आठ अंशांवर कायम. कारण: पाइप.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला.
पंप रात्री घोरतो, पण चालतो.
लाकूडवाला बर्चच्या नावाखाली अल्डर मिसळतो, लबाड.
तेल संपवून टाकलं शेवटच्या थेंबापर्यंत, काठी मात्र ठेवलीय.
आणि हो, तो छोटा रेडिएटर चौदावर नेलाय.
वाट बघितली मी, काही म्हटलं नाही.

"पाइपला," तो म्हणाला, "आठ कमी पडत होते."