तिचा नंबर

डोक्याला साबण लावला आणि पाणी गेलं.
न्हाणीच्या पत्र्यावरून डोकावले तर
हत्तीण. पाइप उखडून
पीत उभी,
तिच्या पोटातली गुरगुर माझ्या बरगड्यांत.

'हलू नकोस,' ओंकाबेत्से अंधारातून म्हणाला,
'आता तिचा नंबर.'

ऑक्टोबर. ख्वाई नदीत नुसता चिखल,
आणि काठावर आमचा हा एक नळ.
मानेवरचा फेस वाळून कातडी ओढत राहिला.
सातव्या तंबूत कोणी पाहुणा
सुखानं घोरत होता.

सकाळी पाना घेऊन बसलो दोघं.
मी चर खोल खणू लागले.
'एवढा नको,' तो म्हणाला,
'एकोणीस वर्षं हाच सांधा जोडतोय.
तिला सापडायला हवा.'

माझ्या कानामागे
अजून साबण होता.