वजनाची वही

सकाळी साडेसहाला धक्क्याकडची खिडकी.
फडकं कुमुदिनीच्या जुन्या पातळाचं.
आधी कोरडं, मग ओलं.
हा क्रम मला सांगावा लागला.
ओलं आधी फिरवलं तर कोळशाची शाई होते
आणि फळीवर कुठल्या कुठल्या देशांचे नकाशे उमटतात.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
कुमुदिनी खुर्चीत बसून घर साफ करते.
म्हणजे ती बोलते, मी पुसतो.
"गजाच्या फाटल्यान."
मी पुढून पुसतो.
"फाटल्यान म्हटलें हांवें."
खिडकीला गज नऊ.
बावीस वर्षं सड्यावरच्या या घरात राहून
ते नऊ आहेत हे मला गेल्या माघात कळलं.

एकतीस वर्षं मी बंदरात वजनाची वही लिहिली.
जहाज, तारीख, टन.
उतरलेला कोळसा, ढिगाला लागलेला कोळसा,
वाघिणींत भरून घाटावर गेलेला कोळसा.
उडालेला, असा रकाना नव्हता.
तो इथं होता, उताराच्या दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीच्या या हातभर फळीवर.
रोज दोनदा भरायचा.
आणि रोज दोनदा तो पुसून टाकणारी बाई
संध्याकाळी चहा देताना विचारायची,
आज किती जहाजं लागली?
मला वाटायचं, माझ्या कामाची चौकशी करते.

मुलानं फोनवर एक चित्रफीत पाठवली आहे.
तीत एक बाई फार हळू आवाजात सांगते,
डोळे मिटा, श्वासाकडे बघा.
बाई, वास्कोत श्वास बघायला
डोळे मिटावे लागत नाहीत.
तो रुमालावर दिसतो.

तरी खोटं कशाला बोलू,
चौथ्या गजापाशी काहीतरी होतं.
हात वर जातो, खाली येतो,
पुन्हा वर,
आणि पेन्शनचा अडकलेला कागद,
भाटाच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं,
हे कुठंही जात नाही, पण
इतका वेळ उभं होतं ते खाली बसतं,
बादलीत गाळ बसतो तसं.
ढवळू नये एवढंच.
पाचव्या गजाचा रंग सुटला आहे.
आत जुना हिरवा.
हा कुणी लावला होता? मीच की.
चवथीच्या आधल्या रविवारी, घाईघाईनं,
ब्रशचा एक केस अजून रंगात चिकटून आहे.
मी तो काढत नाही. त्याच्यावरून हलकेच जातो.

खालच्या मजल्यावर एस्पेरांस गॅलरी धुते.
नवरा तारवटी, वर्षातले दहा महिने पाण्यावर.
ती बादली ठेवते तो आवाज,
मी ठेवतो तो आवाज,
मध्ये थोडा वेळ काहीच नाही.
बोलणं आमचं कधी फारसं नव्हतं.
आता नळ जायच्या आत
इतकं बोलून होतं.

एकदा मी काय केलं,
फडकं झटकण्याआधी
स्वैपाकघरातल्या काट्यावर ठेवलं.
आधी कोरड्याचं वजन घेतलं होतं, सवयच ती.
काटा होता तिथंच.
पुन्हा ठेवलं. चष्मा पुसून बघितलं.
कुमुदिनी खुर्चीतून बघत होती.
"काटा हलत नसेल," म्हणाली,
"माझा हात हलायचा."
मग दोघांनी चहा घेतला.
मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं जे होतं
ते वहीत लिहायला हवं होतं, तेव्हा.

दुपारी तीनला वारा फिरतो.
फळी अजून स्वच्छ आहे,
तिच्यावर ऊन नीट पडलं आहे, घडी न मोडता.
मी खुर्ची ओढून बसतो.
पहिला कण येताना दिसत नाही.
दुसराही नाही.
धक्क्यावर क्रेन वाकते, उठते,
आणि मी, ज्यानं आयुष्यभर आकडेच लिहिले,
कितवा ते न मोजता बघत राहतो.

"बसून काय राहिलात?
पडदे कोण काढणार?"