शिगवणकाकांनी धुतलेल्या क्युव्हेटी

सकाळपासून आकडा खोटं बोलत होता.
नुसत्या पाण्यात पायरीनचा पहिला सुळका
तिसऱ्याच्या पावणेदोनपट उंच हवा.
माझा जेमतेम सव्वापट.
म्हणजे पाण्यात कुणीतरी होतं,
मी न बोलावता जमलेलं.

कालिन्याच्या या खोलीत खिडक्यांना काळा कागद.
थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरून विमान उतरतं
आणि मांडणीतल्या बाटल्या एकमेकींना हळूच लागतात.
मी पायरीन नवं घेतलं, पाणी बदललं,
दिवा बदलून मिळावा म्हणून अर्ज लिहिला.
तेंडोलकर मॅडम म्हणाल्या,
अर्जाआधी काच बघ.

पायरीन, चार कड्यांचा पाहुणा,
पाण्यात त्याचा जीव रमत नाही.
साबणाचे रेणू विरळ असतात तोवर
तेही आपापले, शेपूट सांभाळत हिंडणारे.
मग चिमूटभर जास्त पडतो,
आणि एका गोधडीत पाय खुपसून
डोकी बाहेर ठेवून झोपलेल्या भावंडांसारखे
ते गोल होतात.
पाहुणा त्या उबेत शिरतो
आणि त्याच्या उजेडाची चाल बदलते.
स्वतःबद्दल तो काही सांगत नाही.
शेजार कसा आहे, एवढंच.

‘या कुणी धुतल्या?’
‘मीच,’ शिगवणकाका म्हणाले. ‘तुमचं ते ॲसिड नको म्हटलं.
वडीने धुतल्या. बोटाने. चरा पडू दिला नाही.’

वडी शिवडीची.
कढईवर सव्वीस वर्षं काढल्यावर
कारखाना बंद झाला, आणि थकलेल्या पगारात
तीन खोकी साबण मिळाला.
धाकट्या मुलीचं बारसं, वडिलांचं दहावं,
सगळ्याला तोच.
आता दोन वड्या उरल्यात.
त्यातली एक माझ्या काचांवर झिजली होती.

रागवायला तोंड उघडलं होतं मी.
मग वडीचा कीस काढला, कोमट पाण्यात विरघळवला,
आणि पायरीन टाकलं, प्रयोगाला लागतं त्याच्या कितीतरी पट,
मॅडमना न विचारता.
ट्यूबलाइट घालवली, जांभळा दिवा लावला.

बीकर निळा झाला.

एका गोधडीत दोन पाहुणे आले की असं होतं, मी सांगितलं.
एकावर प्रकाश पडतो, तो दुसऱ्याला बिलगतो,
तेवढ्यात हा निळा निघतो,
आणि मग ते सुटतात. डोळा मिटायच्या आत
कितीतरी वेळा.

काका वाकून बघत राहिले.
चष्म्यावर निळं.
‘आमच्या कढईत पण जमत होते हे?’
‘गोल होत होते. पाहुणा नव्हता, म्हणून दिसले नाहीत.’
‘चौदा टनांची कढई होती,’ ते म्हणाले,
आणि हात पसरले,
खोलीत मावेनात इतके.

दुसऱ्या दिवशी क्युव्हेटी ॲसिडने धुतल्या, त्यांनीच,
तोंड वाकडं करून.
पाण्याचा आकडा एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर, जागेवर.
टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदात
अर्धी वडी. वर पेन्सिलीने:
हिचा पण काढा.

काढला.
शोधनिबंधात जाणार नाही, कारण त्या वडीत काय काय आहे
ते आता कुणालाच ठाऊक नाही,
ज्याला ठाऊक होतं तो केमिस्ट चिपळूणला वारला.
अकरा ठिपके सरळ रांगेत.
बाराव्याला आलेख कडेलोट झाल्यासारखा खाली.

काका माझ्या खांद्यामागे उभे.
‘पडला की. म्हणजे जमलं नाही?’
‘जमले,’ मी म्हटलं.