चार खांब

अवालीच्या कॅम्पाखाली वाळूवर
कच्चं तेल शिंपून रोलर फिरवला
तेव्हा कुठे मैदान म्हणण्याजोगं काही झालं,
काळं, लंबगोल, उन्हात वास मारणारं.
दोन्ही टोकांना चार-चार खांब,
ड्रिलिंगचे बाद पाइप.
मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर गोल,
बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड.

हॅलोरनसाहेब म्हणाला, हुर्झुक,
माझ्या बापाच्या वेळी, कॉलनीत,
बिहाइंड लिहून ठेवत, मोजत नसत.
आता मोजतात. पण हा आपला पहिला हंगाम,
पहिल्यासारखाच खेळू.
तू लिही. मोजू नकोस.

मी दाभोळचा, स्टोअरचा टाइमकीपर.
बोल्ट-वॉशरची वही उलटी धरली
आणि मागच्या पानांवर रेघा मारल्या.
ड्रिलिंग, पाइपलाइन, वीजघर, स्टोअर.
आमचा स्टोअर सगळ्यांकडून हरला.
आमचा म्हणायचं एवढंच; आम्ही दोरीबाहेर,
सावलीतली खुर्ची पोलिटिकल एजंटाची,
ती बहुधा रिकामी.

शुक्रवारी असरची नमाज उरकून
मी खोक्यावर बसायचो, पेन्सिल कानाला.
चेंडू सोललेल्या नारळासारखा,
टप्पा पडला की कुठे उडेल ते त्यालाच ठाऊक.
तिसऱ्या शुक्रवारी फाटला.
मनामाच्या मोच्याने बकरीच्या कातड्याचं ठिगळ लावलं,
तेव्हापासून तो डावीकडेच वळायचा
आणि बिहाइंडचा रकाना भरत गेला.

पाचव्या आठवड्यात वीजघराने अंग काढलं:
दोघे हिवतापाने आडवे, एक बोटीने घरी,
बाकीच्यांचं आपसात काहीतरी.

सहाव्यात हलीमाचं पत्र,
एकवीस दिवसांनी पोचलेलं.
मुलगी झाली होती. सहा दिवस होती.
सातव्या दिवशी नाव ठेवायचं, ते राहिलं.
खाली, दुसऱ्या शाईत, नारळ उतरवल्याचा हिशोब
आणि पडवीची दोन कौलं.

त्या शुक्रवारी ड्रिलिंग चार, पाइपलाइन चार.
बरोबरी, म्हणाला हॅलोरन,
ढाल सहा-सहा महिने दोघांकडे.
साहेब, बिहाइंड अकरा आणि तीन.
लिहिलेस ना?
लिहिले.
मग झालं.

पक्की नक्कल कंपनीच्या जाड कागदावर केली.
तो रकाना गाळायला सांगितला होता,
गाळला.
वहीत मात्र आहे, वॉशरच्या हिशोबामागे,
अकरा, तीन,
आणि त्याखाली, पेन्सिलीने,
एक.